बदकांची सर्दी आणि माझी जाऊ

आमच्या वस्तीवर बदकं आहेत म्हटलं की लोक आधी हसतात. नगर जिल्ह्यात, त्यातून आमच्यासारख्या मुरमाड माळावर, बदकं? शेळ्या म्हणा, गाया म्हणा, ज्वारीत मोर येतात ते म्हणा. एका पाहुण्यांनी तर मला विचारलं होतं, "ह्यांचं करायचं काय, दूध काढायचं?" मी म्हटलं, "व्हय, उद्या सकाळी या, तुमच्याच हातनं काढू." पाहुणे नंतर चहाला थांबले नाहीत. माझं तोंड असं आहे. सासरी आल्यापासून सगळे मला तेच सांगतात आणि मी ते मनावर घेत नाही.

तर ही बदकं माझी नव्हेत. माझ्या धाकट्या जावेची, म्हणजे दिराच्या बायकोची आहेत. ती केडगावला राहायला गेली आणि बदकं माझ्याकडं राहिली. जावा म्हटल्या की हेवादावा आलाच, असं लोक धरून चालतात. आमचं ते काही जमलं नाही. मला ती फार आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण असलं काही तोंडानं सांगायची आमच्याकडं रीत नाही.

ती तिसगावच्या पलीकडची. तिकडं उन्हाळा लागला की टँकरची वाट बघायची, हे तिनं लहानपणापासून केलेलं. 'का' म्हणायच्या जागी ती 'कामून' म्हणायची, सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणायची, आणि सासूबाई तिची नक्कल करायच्या. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पूजेची गडबड चालू होती आणि नवी नवरी कुठं दिसेना. मी शोधायला निघाले, तर ही नवा शालू आवरून शेततळ्याच्या बांधावर बसलेली. आमचं शेततळं म्हणजे काही सरोवर नव्हे. माळावर खणलेला चौकोनी खड्डा, त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पावसाळ्यात भरून घ्यायचा आणि उन्हाळ्यात डाळिंबाला पुरवून पुरवून वापरायचा. पण ती त्याच्याकडं अशी बघत बसली होती की तिला उठवायचा मला धीर होईना.

"आक्का," ती म्हणाली, "एवढं पानी, आन् त्यात कुनीच न्हाई?"

मी इतकी वर्षं ते तळं बघत होते. मोटार चालू करायला जायचे, बंद करायला जायचे. पाण्यात कुणी असायला हवं असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

पुढं माहेराहून परत येताना तिनं तिसगावच्या बाजारातून बदकाची पिल्लं आणली. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, एसटीत मांडीवर घेऊन. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "नख्यांनी कागद फाडत्याल, तळं गळंल," म्हणाले. कागद काही फाटला नाही, पण भलताच घोटाळा झाला. कागद घसरडा, त्यामुळं मोठी झालेली पिल्लं पाण्यात उतरली ती वर येईनात. चढायची आणि घसरून परत पाण्यात पडायची. मग धाकटीनं जुनी पोती एकाला एक शिवली, त्यांची लांब पट्टी बांधावरून पाण्यात सोडली, आणि बदकं त्यावरून एकामागं एक वर आली. ह्यांनी तेव्हापासून कुरकूर सोडली. उलट कुणी आलं की स्वतःच तळ्याकडं घेऊन जायचे आणि बदकं आपणच आणल्यासारखं बोलायचे.

दिवसभराचं काम उरकलं की आम्ही दोघी बांधावर बसायचो. सुपात डाळ नाहीतर शेंगा घेऊन, म्हणजे कुणी विचारलं तर काम दिसावं. बायका नुसत्या बसलेल्या कुणाला बघवत नाहीत. धाकटी बदकांकडं बघत बोलायची. कोणतं कुणावर रुसलं, कोणतं आधी उतरतं, कोणतं नाक वर करून चालतं. सगळ्यांत जुन्या मादीला तिनं 'म्हातारी' नाव ठेवलं होतं. सासूबाई जवळपास असल्या की आम्हाला ते नाव हळू घ्यावं लागायचं. मी हसायचे तशी माहेरीही कधी हसले नसेन.

मग दिराला कंपनीत कायम केलं, पोरांच्या शाळेचा विषय निघाला, आणि ती मंडळी केडगावला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. सगळ्यांनी मिळून टेम्पो भरला. मला पुष्कळदा वाटतं, भांडून गेली असती तर बरं झालं असतं. भांडण झालं की चार माणसं मध्ये पडतात, समजूत काढतात, गेलेल्याला परत घेऊन येतात. गोडीगुलाबीनं गेलेल्या माणसाला आणायला कोण जातं?

सुरुवातीला रोज फोन यायचा. आधी बदकांची चौकशी, मग माझी. नंतर आठवड्यानं यायला लागला. नंतर सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या फुलाचं चित्र यायचं, खाली सुविचार. तो तिनं माझ्याबरोबर शंभर जणांना पाठवलेला असणार. मीही तिला एक गणपती पाठवायचे. दिवाळीला ती यायची, पण सगळं लटांबर घेऊन. आम्ही दोघी चुलीपुढं पाठीला पाठ लावून उभ्या, आणि भाऊबीजेला ती तिच्या माहेरी पळायची. बांधावर बसायला मिळायचं नाही. लेकीला दिवाळी आहे, बहिणीला भाऊबीज आहे, नणंदेला तर वर्षभर मान आहे. जावेला कुठला सण? ती घरचीच, आणि घरच्या माणसाला कोण बोलावतं! आमच्याकडं बोलावणं जायचं म्हणजे काहीतरी कारण लागतं. जावळ, सत्यनारायण, दवाखाना, दहावा. नुसतं 'ये' असं कुणी कुणाला म्हणत नाही. म्हटलंच तर ऐकणारा घाबरून विचारील, काय झालं?

असं सगळं चालू असताना बदकं शिंकायला लागली.

परतीचा पाऊस त्या वर्षी रेंगाळला होता आणि पाठोपाठ थंडी पडली. एका सकाळी मी खुराडं उघडलं तर आतून बारीक फुस्स फुस्स आवाज. आधी वाटलं साप आहे. मग म्हातारीनं माझ्यासमोर मान हलवून शिंक दिली. बदक शिंकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. तिच्या चोचीवरच्या नाकपुड्या ओल्या होत्या आणि एका डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आला होता. दोन दिवसांत बाकीचीही तशीच. दाणा टाकला तर एखादं यायचं, बाकीची पिसं फुगवून उभी.

सासूबाईंनी एकाला हातात धरलं, उलटसुलट बघितलं आणि निकाल दिला. "सर्दी झालीया. दुसरं काय न्हाई."

आता सर्दी म्हटल्यावर आमच्या घरात पुढचं सगळं ठरलेलं आहे. सर्दी झालेल्या जिवाला पाण्याजवळ जाऊ द्यायचं नाही. त्याला ऊब द्यायची. आणि धुरी द्यायची. सासूबाई म्हणजे आसपासच्या वस्त्यांवरच्या बाळंतिणींचा शेक-शेगडीचा मोठा आधार. कुणाचं बाळ फुरफुरायला लागलं की यांना बोलावणं. त्यांनी मोठ्या मायेनं बदकांचं बाळंतपण काढायला घेतलं, आणि मी त्यांच्या हाताखाली. खुराड्याच्या जाळीला आम्ही चहूबाजूंनी पोती लावली, वारा म्हणून आत जाऊ नये. खाली सोयाबीनचं भुसकट हातभर अंथरलं. ते पावसात थोडं भिजलेलं होतं, पण वरून वाळल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी पाटीत निखारे घेऊन त्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकल्या आणि ती पाटी आत सरकवून पोतं सोडलं. आतून बदकं खोकायला लागली.

"ऐक, कफ सुटतूया," सासूबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं.

तळ्याच्या वाटेवर बाभळीची फांदी आडवी टाकली. बदकं दिवसा बाहेर सोडली की त्या फांदीपाशी जाऊन उभी राहायची. सगळी तळ्याकडं तोंड करून, गप्प. आत पाणी चमकताना दिसायचं आणि ती तिथंच उभी. मी त्यांना हाकलून उन्हात आणायचे, पाठ वळवली की परत तिथंच. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. एवढं करतोय आपण यांचं, आणि यांचा जीव त्या पाण्यात.

एक नर मेला. सकाळी उघडलं तर चोच वासून पडला होता. म्हातारीही चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागली होती, आणि प्रत्येक श्वासाला तिची शेपटी खालीवर व्हायची. बदकाचं मला दुःख होतंच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. ती सगळी मेली तर धाकटीचं या वस्तीवर काय उरणार? फोन करून ती काय विचारणार? तिच्या-माझ्यात बोलायला जे होतं ते एवढंच पिसांचं होतं, आणि तेही घरघर करायला लागलं होतं.

शेजारच्या वस्तीवर गाय अडली म्हणून जनावरांचे डॉक्टर आले होते. मी त्यांना रस्त्यात गाठलं. तरुण मुलगा, मोटारसायकलीवर पाय टेकून उभा. "बदकं?" त्यानं दोनदा विचारलं. मग प्रामाणिकपणानं म्हणाला, "मी बदकं परीक्षेपुरती शिकलोय ताई. पण बघतो." आला, म्हातारीला काखेत धरून तिच्या पाठीला कान लावला, चोच उघडून आत बॅटरी मारली. मग खुराड्यात वाकून मूठभर भुसकट उचललं आणि नाकाशी नेलं. खालचं भुसकट करडं पडलं होतं, झटकलं की त्यातून भुगा उडत होता.

"याला बुरशी आलीय. ही छातीत जाते त्यांच्या. वर तुम्ही वारा बंद केलाय, आणि हा वास कसला?"

"धुरी दिली," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातनं समद्या वस्तीची पोरं शेकून निघाली, डाक्टर."

"आजी, पोरं खुराड्यात कोंडलेली नव्हती ना पण."

सासूबाई आत जाऊन डॉक्टरसाठी चहा टाकायला लागल्या, साखर जरा जास्तच घातली.

डॉक्टरांनी पोती काढायला लावली, भुसकट लांब नेऊन जाळायला सांगितलं, खाली कोरडी वाळू टाका म्हणाले. पिण्याच्या पाण्यात मिसळायचं औषध लिहून दिलं. जाताना म्हणाले, "बुरशी फुप्फुसात खोल गेली असेल तर याचा उपयोग व्हायचा नाही. तसं नसेल तर आठवड्यात फरक दिसेल. या म्हातारीचं मी काही सांगत नाही."

त्या दुपारी मी धाकटीला फोन लावला. एक नर गेला, बाकीची आजारी आहेत, म्हातारी जास्त आहे. ती एवढंच म्हणाली, "व्हिडिओ लाव."

मी म्हातारीला मांडीवर घेतलं आणि मोबाईल समोर धरला. पडद्यावर धाकटीचा चेहरा एवढा जवळ आला की नुसते डोळे दिसत होते.

"अजून जवळ धर आक्का. तिच्या चोचीपाशी. मला आवाज येऊ दे."

तिनं श्वास ऐकला. तिकडं केडगावात तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हातारीची घरघर ऐकत होती आणि इकडं मी तिच्याकडं बघत होते. चेहरा उतरला होता तिचा. केस कपाळाजवळ पिकायला लागले होते. दिवाळीला एवढं जवळून कुणी कुणाला बघत नाही.

"हिच्या नाकपुड्या किती बुजल्यात," ती म्हणाली. "डोकं बुडवायला पानी कुठाय?"

"सर्दीत पानी? कायतरीच काय धाकटे. तळ्याची वाट बंद केली आमी."

"कामून?" ती जवळजवळ ओरडलीच. "आक्का, ती पान्यात डोकं घालून नाकातनं बुडबुडं सोडत्यात, तू बघितलं न्हाईस का कंदी? त्यांना का हात हायती नाक शिंकरायला? धुवायचं कशानं त्यांनी?"

मी बघितलं होतं की. तिच्या शेजारी बसून शंभरदा बघितलं होतं. मला वाटायचं खेळतात. मी डॉक्टरांना फोन केला, तेही म्हणाले बरोबर आहे, तळ्यात इतक्यात सोडू नका, पण उन्हात डोकं बुडेल असं भांडं ठेवा, आणि औषधाचं पाणी आधी प्यायल्यावर मगच. मी सिमेंट कालवायचं मोठं घमेलं घासून भरून उन्हात ठेवलं. बदकं त्यावर अशी तुटून पडली की काही विचारू नका. म्हातारीला सरकवून मागं टाकलं सगळ्यांनी. मी तिला उचलून काठाशी धरलं. तिनं डोकं डोळ्यांपर्यंत आत घातलं, बुडबुडे आले, मान वर काढून झटकली आणि तो सगळा शेंबूड माझ्या लुगड्यावर. परत आत डोकं. मी तिला तशीच धरून बसले. आपण मायेनं हिचं पाणी तोडलं होतं, हे तेव्हा मला कळलं, आणि फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून धाकटीचा फोन सकाळी आणि दुपारी यायला लागला. सकाळी औषधाच्या वेळी, दुपारी घमेल्याच्या वेळी. डोळे कोमट मिठाच्या पाण्यानं पुसलेस का? दाणा ओला करून दिलास का? शेपटी अजून हलतीया का? मी मोबाईल दगडाला टेकवून ठेवायचे आणि काम करता करता बोलायचे. आधी नुसतं बदकांचं बोलणं व्हायचं. मग हळूहळू ती स्वतःचं सांगायला लागली. नवरा रात्रपाळीवरून येऊन झोपतो, पोरं शाळेतून क्लासला. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. "कुनाचं काय वाळतंय ते मला समदं पाठ झालंया आक्का. पन त्या बाईचं तोंड मी अजून बघितलं न्हाई." दार लावूनच बसायचं. पाणी नळाला येतं, भरपूर येतं, पण ते टाकीतनं येतं आणि मोरीत जातं, दिसत कुठंच नाही. हे बोलताना ती हसली, पण मला हसू आलं नाही.

मी तिला म्हटलं नाही की मलाही करमत नाही. बांधावर बसायचं मी केव्हाच सोडलं होतं. एकटीनं बसलं की नुसतं बसल्यासारखं दिसतं. पण खरं सांगते, त्या दिवसांत मी सकाळी उठायचे तीच खुशीत. घरात आजारपण, बदकं खोकतायत, आणि मी गाणं गुणगुणतेय. ह्यांनी एकदा विचारलंसुद्धा, "लाटरी लागली का काय?"

बाकीची बदकं सावरली. म्हातारी तेवढी अजून एका कोपऱ्यात बसून असायची. मग एका दुपारी धाकटी म्हणाली, "रविवारी येते मी आक्का. एकलीच. मला डोळ्यांनी बघू दे तिला एकदा."

एकटी येते म्हणाली. सासूबाईंना सांगताना मी आवाज अगदी साधा ठेवला होता.

आणि शुक्रवारी म्हातारी बरी झाली. अशी बरी झाली की तिचा मला राग आला. सकाळचा फोन होऊन गेला आणि दाण्यावर सगळ्यांत आधी ती. दिवसा खुराड्याबाहेर येऊन मान ताणून अशी ओरडली की कुत्रं दचकून उठलं. घमेल्यात डोकं नव्हे, अख्खी जाऊन बसली आणि बाहेर निघेना. श्वास साफ. शेपटी जागेवर. डॉक्टरांना फोन केला तर खूश झाले, "उद्या दुपारच्या उन्हात तळ्यात सोडा थोडा वेळ."

सासूबाई म्हणाल्या, "कळव तिला. उगं कशाला हेलपाटा तेवढ्या लांबनं. पोरांचं टाकून येनार ती."

"रेंज न्हाई," मी म्हटलं.

"मघाशी डाक्टरशी बोलत हुतीस की."

"आता गेली."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या बाईनं एवढी पोरं शेकली, माणूस ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. त्या शेंगा फोडायला बसल्या. धाकटीचा दुपारी फोन आला तर मी मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवून बाहेर निघून गेले. संध्याकाळी तिला एवढंच लिहून पाठवलं: 'तू ये आन् बघ.' पुढं काही लिहिलं तर खोटं लिहावं लागलं असतं. शनिवारीही मी फोन उचलला नाही.

रविवारी ती फाट्यावर उतरून चालत आली. हातात मोठी पिशवी. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले, तर तिनं तो ओसरीवर ठेवला आणि पिशवी उघडली. आतून तिच्या पोराचं वाफ घ्यायचं मशीन निघालं. नळी, तोंडाला लावायचं प्लास्टिकचं, सगळं. "मापात बसंल का न्हाई काय म्हाईत," म्हणाली, "पन चोचीवर धरता यील." तिनं ते पोराला न सांगता उचलून आणलं होतं. 'कुठाय ती?' असं विचारत ती खुराड्याकडं गेली, खुराडं रिकामं. मग तळ्याकडून आवाज आला आणि ती तिकडं वळली.

बाभळीची फांदी मी कालच काढली होती. बदकं पाण्याच्या मधोमध होती आणि सगळ्यांच्या पुढं म्हातारी. तिनं डोकं बुडवलं, शेपूट वर केलं, बाहेर आली आणि आम्हाला बघून बेंबीच्या देठापासून ओरडली. आजाराचं नाव नाही.

धाकटी मशीन छातीशी धरून बांधावर उभी. मी तिच्या मागं. आता ही काय म्हणेल? पोरांचा रविवार मोडून आलेली बाई. चिडली तर चिडण्याचा हक्कच आहे तिला. ती पुष्कळ वेळ तळ्याकडं बघत राहिली. मग खाली बसली, मशीन बाजूला ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता अगदी गंभीर आवाजात म्हणाली,

"लईच खोकतीया गं आक्का ही. दोन दिवस तरी ऱ्हावं लागंल मला."

मागून सासूबाई येत होत्या. "अगं, ती तर परवापासनं..." त्यांनी सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. "व्हय बाई," म्हणाल्या, "जपायला पायजे." आणि आल्या पावली परत गेल्या.

ती दोन दिवस राहिली. आम्ही बांधावर बसलो, आणि या वेळी सूपसुद्धा घेतलं नाही. काय बोललो ते विचाराल तर सांगण्यासारखं काहीच नाही. पुष्कळसं बदकांचंच. तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं "अजून हाय घरघर" असं सांगितलं, आणि मी पदर तोंडात कोंबून पलीकडं गेले.

निघायच्या दिवशी मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. एसटी लांबून दिसायला लागली तेव्हा तिनं माझा हात धरला. आम्ही एकमेकींचे हात कधी धरत नाही. म्हणाली, "आक्का, पुढच्या टायमाला कुनी आजारी पडायची वाट बघू नगस. नुसतं ये म्हन."

मी म्हटलं, "बरं." एवढंच. एसटी गेली आणि मी उन्हात तशीच उभी राहिले, डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं सुकेपर्यंत.

बरं म्हटलं खरं, पण जमेना. किती सोपं आहे ते, आणि किती अवघड आहे, हे फोन हातात घेतला की मला कळायचं. कशासाठी ये म्हणू? थंडी सरली. खुराड्यात वाळू बदलली, जाळी उघडी ठेवली, कुणी शिंकेना. डाळिंबाला फुलं आली. सगळं सुरळीत चाललेलं असलं की माणसाला बोलावायला तोंडच राहत नाही. सकाळची गुलाबाची फुलं परत सुरू झाली. मी गणपती पाठवत होते. एकदा तर, लाज वाटते सांगायला, मी म्हातारीच्या नाकाकडं जरा जास्तच आशेनं बघितलं.

मग एका सकाळी मी तळ्यावर मोटार बंद करायला गेले होते. बदकं पाण्यात होती. मी तिथंच बांधावर टेकले आणि विचार करायच्या आत तिला फोन लावला. विचार केला असता तर लावला नसता.

तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "कोन गेलं?" आवाजात धडकी.

"कुनी न्हाई."

"मंग म्हातारी? परत धरली का तिची छाती?"

"न्हाई. ठनठनीत हाय."

"आत्याबाई बऱ्या हायती ना? तू बरी हायेस?"

"समदी बरी हायती. मी बी बरी हाय," मी म्हटलं. "धाकटे, काय झालं न्हाई. कारन काय न्हाई. तू ये."

तिकडं नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"आक्का," ती म्हणाली, "परत म्हन."

मी परत म्हटलं.